पॅरालिसिसचा रुग्ण दारात आल्यापासून: मध्यम रुग्णालयाने स्ट्रोकची व्यवस्था कशी लावावी

ठाण्यातल्या कितीतरी मध्यम रुग्णालयांत आज सीटी स्कॅन आहे, आयसीयू आहे, फोनवर सल्ला देणारे न्यूरोफिजिशियन आहेत, गुठळी विरघळवणारं इंजेक्शनही कपाटात आहे. तरी रुग्ण दारातून आत आल्यापासून ते इंजेक्शन शिरेत जाईपर्यंत तास-दीड तास सहज निघून जातो. हा वेळ उपचारात जात नाही. केस पेपर, डिपॉझिट, स्ट्रेचर, लिफ्ट आणि ‘सर निघालेत, येतायत’ यांच्या मधे तो सांडतो. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद झाली की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, म्हणून हे सांडणं थांबवायलाच हवं. त्यासाठी नवी यंत्रं लागत नाहीत, कामांचा क्रम बदलावा लागतो.

हा लेख आरएमओ (रुग्णालयात ड्यूटीवर असणारे डॉक्टर), कॅज्युअल्टीच्या म्हणजे तातडीच्या विभागाच्या सिस्टर, मेट्रन (मुख्य परिचारिका) आणि व्यवस्थापकांसाठी आहे. कुणाला कोणतं औषध द्यायचं हे डॉक्टरच ठरवतील. त्यांनी तो निर्णय लवकर आणि नीट घ्यावा म्हणून बाकीच्यांनी काय करायचं, ते इथे आहे.

१. आपलं रुग्णालय नक्की काय करू शकतं ते लिहून काढा

रुग्णालयं तीन प्रकारची असतात. सीटी नसलेली, सीटी आणि इंजेक्शन दोन्ही असलेली, आणि कॅथलॅबमध्ये (रक्तवाहिनीत तार घालून उपचार करायच्या खोलीत) गुठळी ओढून काढू शकणारी. आपण कोणत्या गटात आहोत हे रात्री अडीच वाजताच्या परिस्थितीवरून ठरवा. पाटीवर ‘२४ तास सीटी’ लिहिलंय, पण रात्रीचा टेक्निशियन घरी झोपतो आणि फोन केल्यावर दिव्याहून निघतो, तर रात्रीपुरते तुम्ही सीटी नसलेल्या गटात आहात.

सीटी नसलेल्या रुग्णालयाने स्ट्रोकचा रुग्ण दाखल करूच नये. सलाइन लावून ‘ऑब्झर्व्हेशनला ठेवू’ म्हणणं आणि मग बाहेरच्या सेंटरवर स्कॅनला पाठवून प्लेट घेऊन परत बोलावणं, ही आपल्याकडची सर्वांत घातक सवय आहे. श्वास, नाडी, साखर बघा, लक्षणांची वेळ लिहा आणि थेट पुढे पाठवा.

पुढे म्हणजे कुठे, तेही आधीच ठरलेलं हवं. कॅज्युअल्टीच्या भिंतीवर दोन रुग्णालयांची नावं लावा, एक कोंडीच्या अलीकडचं आणि एक पलीकडचं. घोडबंदर रोडला गायमुख घाटात गाड्या अडकल्या की त्याची शेपटी पार कासारवडवली-वाघबीळपर्यंत येते. संध्याकाळी कापूरबावडी-माजिवडा ओलांडणं हे वेगळंच प्रकरण. कळवा-खारेगावकडच्या रुग्णाला खाडी पूल ओलांडावा लागतो. नकाशात जवळ दिसणारं रुग्णालय संध्याकाळी सात वाजता जवळ असतंच असं नाही.

*तपासा:* या यादीतल्या रुग्णालयांना रात्री फोन करून विचारा की आत्ता सीटी होईल का, इंजेक्शन आहे का. दर तीन महिन्यांनी पुन्हा विचारा.

२. तयारी: पेटी, वजनकाटा, एक फोन आणि पैशांचा नियम

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि त्या रुग्ण येण्याच्या कितीतरी आधी झालेल्या असतात.

*पेटी.* लाल रंगाची, कुलूप नसलेली, सील लावलेली. आत दोन रुग्णांना पुरेल एवढं गुठळी विरघळवणारं औषध, रक्तदाब उतरवायचं लॅबेटॅलॉल, १८ नंबरचे कॅन्युला, सिरिंजा, ग्लुकोमीटर, वजनानुसार डोसाचा छापील तक्ता, ‘हे इंजेक्शन कुणाला देऊ नये’ याची एका पानाची यादी आणि मराठी-हिंदीतला संमतीचा कागद. इन्फ्युजन पंप पेटीशेजारीच. ही पेटी रुग्णाबरोबर सीटीच्या खोलीत जाते. ती कॅज्युअल्टीत राहिली तर तिचा उपयोग नाही.

*सावधान:* गुठळी विरघळवणारी औषधं दोन, टेनेक्टेप्लेज आणि अल्टेप्लेज. यातलं टेनेक्टेप्लेज हार्ट अटॅकलाही वापरतात आणि तिथला डोस बराच मोठा असतो. स्ट्रोकमध्ये तो किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम आणि जास्तीत जास्त २५ मिलिग्रॅम, एकाच दमात. अल्टेप्लेज असेल तर किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९०. त्यातला दहावा भाग एका मिनिटात, उरलेला तासाभरात पंपाने. दोन्ही आजारांचे तक्ते एकाच पानावर छापू नका. हृदयाच्या पेटीतून औषध उसनं घेऊन अंदाजाने डोस काढणं जिवावर बेतू शकतं.

*वजन.* डोस वजनावर ठरतो आणि नातेवाईक सांगतात ते वजन बहुतेकदा काही वर्षांपूर्वीचं असतं. ज्यावर स्ट्रेचर चढतं असा काटा घ्या. नसेल तर वजन मोजणारा बेड किंवा सरकत्या पाट्याखालचा काटाही चालतो.

*एक फोन.* सगळ्यांना एकाच वेळी वाजणारा एक कॉल हवा: आरएमओ, सीटी टेक्निशियन, न्यूरोफिजिशियन, लॅब. व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकून निळ्या खुणांची वाट बघत बसणं म्हणजे कळवणं नव्हे. न्यूरोफिजिशियन मुलुंडला राहत असतील आणि तीन हात नाक्याला अडकले असतील, तर त्यांनी फोनवर सीटी बघून निर्णय द्यायचा. ते प्रत्यक्ष पोचल्यावरच पुढे जायचं ही अट काढून टाका.

*पैसे.* व्यवस्थापनाच्या सहीचा एक कागद कॅश काउंटरला चिकटवा: ‘स्ट्रोक कॉल लागलेल्या रुग्णाचं सीटी आणि इंजेक्शन डिपॉझिटसाठी थांबणार नाही.’ इंजेक्शन महाग आहे आणि रुग्णालयांना वाटणारी भीती खोटी नाही. पण हा निर्णय मालकांनी दिवसाढवळ्या, शांतपणे घ्यायचा असतो. मध्यरात्री तो काउंटरवरच्या मुलावर सोडायचा नसतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेशी जोडलेलं रुग्णालय असेल तर आरोग्यमित्रांना लगेच कळवा, कागदपत्रं मागाहून गोळा होतील.

*सावधान:* मुलाला चिठ्ठी देऊन मेडिकलमधून इंजेक्शन आणायला पाठवू नका. पहिलं मेडिकल बंद, दुसऱ्यात माल नाही, तिसऱ्यात कार्ड चालत नाही. तोवर रुग्णाची वेळ संपलेली असते.

तयारी झाली की रात्री, न सांगता, रंगीत तालीम घ्या. कुणाला तरी स्ट्रेचरवर झोपवा आणि घड्याळ लावा. लिफ्टची चावी कुणाकडे असते हे अशा तालमीतच कळतं.

३. दारावर: ओळखणं आणि वेळ विचारणं

स्ट्रोक सर्वांत आधी दिसतो तो वॉचमनला आणि रिसेप्शनवरच्या मुलीला. त्यांना शिकवा: चेहरा एका बाजूला ओढलाय का, एक हात उचलता येत नाही का, बोलणं अडखळतंय का, अचानक तोल जातोय का, अचानक दिसेनासं झालंय का. यातलं एकही अचानक झालं असेल तर त्यांनी कॉल लावायचा. डॉक्टरांना विचारायला थांबायचं नाही. दहांत दोन-तीन कॉल वेगळ्याच आजाराचे निघाले तरी त्यांना कुणी बोल लावायचा नाही. एकदा रागावलात की पुढचा खरा कॉल उशिरा येईल.

आता या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. तो बहुतेक वेळा चुकीचा विचारला जातो. ‘कधी झालं?’ असं विचारलं की नातेवाईक आपल्याला कधी कळलं ते सांगतात. विचारायचं असतं, ‘शेवटचं धडधाकट कधी पाहिलंत?’

समजा मुलगा सांगतो, ‘सकाळी सहाला बाबांना उठवायला गेलो तर तोंड वाकडं.’ केस पेपरवर सहा लिहिलं गेलं तर ते चूक. बाबा रात्री अकराला झोपले असतील तर घड्याळ अकरापासून चालू झालं. पण सिस्टरने आईकडे वळून विचारलं, ‘काकू, रात्री मधे उठले होते का ते?’ आणि काकू म्हणाल्या, ‘हो, चारला बाथरूमला गेले, मला म्हणाले पंखा कमी कर,’ तर वेळ चार. साडेसहाला पोचलेला हा रुग्ण आता इंजेक्शनच्या साडेचार तासांच्या मुदतीत बसतो. एका प्रश्नाने उपचार बदलला. म्हणून शेवटचं बोलणं कुणाशी झालं, फोनवरचा शेवटचा कॉल कधीचा, दूधवाल्याला पैसे कुणी दिले, हे सगळं विचारा. आणि तो माणूस समोर नसेल तर त्याला फोन लावा.

*तपासा:* केस पेपरवर दोन वेगळ्या वेळा आहेत का? शेवटचं नीट पाहिल्याची आणि दारात आल्याची. दोन्ही तास-मिनिटांत लिहा. ‘सकाळपासून’ असं लिहू नका.

४. पहिली दहा मिनिटं: एकामागून एक नव्हे, एकाच वेळी

चार माणसं, चार कामं, सगळी एकदम:

आरएमओ रुग्ण तपासतात आणि एनआयएच स्ट्रोक स्केलचे (स्ट्रोक किती गंभीर आहे ते सांगणारे) गुण मोजतात. एक सिस्टर बोटातून साखर बघते, कॅन्युला लावते, रक्त काढते, दोन्ही हातांचा रक्तदाब घेते. वॉर्डबॉय सीटीची वाट मोकळी करतो, म्हणजे लिफ्ट धरून ठेवतो आणि टेबल रिकामं करून घेतो. चौथा माणूस नातेवाइकांशी बोलतो आणि वेळा लिहितो. हा चौथा माणूस बहुतेक ठिकाणी नसतोच, आणि मग आरएमओ तपासणी सोडून नातेवाइकांना उत्तरं देत बसतात.

साखर आधी बघायची, कारण ती खूप खाली गेली तर हुबेहूब पॅरालिसिससारखं दिसतं. ६० च्या खाली असेल तर आधी ती वर आणा आणि पुन्हा तपासा. ती ठीक असेल तर ग्लुकोजचं सलाइन लावू नका, साधं नॉर्मल सलाइन लावा.

गोळ्यांची पिशवी मागा. ‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे’ म्हणजे पुष्कळदा इकोस्प्रिन (ॲस्पिरिन) असतं आणि त्याने इंजेक्शन अडत नाही. ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिन असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) लागतो, आणि तो १.७ च्या वर असेल तर इंजेक्शन देत नाहीत. डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्साबान, ॲपिक्साबान यांपैकी काही असेल तर शेवटची गोळी कधी घेतली ते तासांत लिहा. अशा गोळ्या नसतील आणि रक्तस्रावाचा आजार नसेल, तर साखर सोडून बाकी रिपोर्टांसाठी थांबायचं कारण नाही.

*सावधान:* तीन गोष्टी करू नका. रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून निफेडिपिनची कॅप्सूल जिभेखाली देऊ नका. दाब धाडकन खाली येतो आणि मेंदूचा उरलासुरला पुरवठाही जातो. सीटीच्या आधी ॲस्पिरिन देऊ नका, आत रक्तस्राव आहे की गुठळी हे अजून कळलेलं नाही. आणि गरज नसताना लघवीची नळी, नाकातली नळी घालण्यात वेळ घालवू नका.

५. सीटी: रुग्ण थेट टेबलवर

ॲम्ब्युलन्समधून आलेला रुग्ण कॅज्युअल्टीच्या बेडवर उतरवायचा, पुन्हा उचलायचा, मग सीटीला न्यायचा, यात दहा-पंधरा मिनिटं जातात. तो जिवाने स्थिर असेल तर आलेल्या स्ट्रेचरवरूनच सीटीकडे न्या. तपासणी वाटेत आणि टेबलशेजारी होते. हेलसिंकीच्या विद्यापीठ रुग्णालयात दारापासून इंजेक्शनपर्यंतच्या वेळेचा मध्यांक (निम्म्या रुग्णांना ज्याहून कमी वेळ लागतो तो आकडा) १९९८ मध्ये १०५ मिनिटं होता, तो २०११ पर्यंत २० मिनिटांवर आला. त्यात आधी येणारा फोन, ॲम्ब्युलन्सच्याच स्ट्रेचरवरून थेट सीटी आणि सीटीच्या टेबलवरच इंजेक्शन, या साध्या गोष्टींचा मोठा वाटा होता.

आधी बिनाकॉन्ट्रास्ट सीटी. मोठी वाहिनी बंद असल्याचा संशय असेल तर त्याच टेबलवर लगेच सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन), क्रिएटिनिनच्या म्हणजे मूत्रपिंडाच्या रिपोर्टची वाट न बघता. पण इंजेक्शन त्यासाठीही थांबवायचं नाही.

लक्ष्य: दारापासून सीटी २० मिनिटं. औपचारिक रिपोर्ट टाइप होऊन येण्याची वाट बघू नका, न्यूरोफिजिशियन आणि रेडिओलॉजिस्टनी चित्रं मोबाइलवर बघून तोंडी सांगावं.

६. इंजेक्शन

रक्तदाब १८५/११० च्या खाली हवा. वर असेल तर लॅबेटॅलॉल देऊन उतरवा. पेटीतली ‘कुणाला देऊ नये’ ही यादी वाचा, एकाने डोस काढा, दुसऱ्याने मोठ्याने तपासा.

आता संमती. घरचे म्हणतात, ‘थोरले काका साताऱ्याला आहेत, त्यांना विचारतो.’ हे आपल्याकडे होणारच, ते टाळता येत नाही. म्हणून बोलणं आधीच, सीटीला जाता जाता सुरू करा आणि काकांचा फोन स्पीकरवर घ्या. मजकूर एका मिनिटाचा ठेवा: ‘ताई, बाबांच्या मेंदूची नस गुठळीने बंद झाली आहे. हे औषध ती विरघळवतं. जितक्या लवकर देऊ तितकं ते पुन्हा चालण्या-बोलण्याची शक्यता जास्त. धोकाही आहे, शंभरातल्या दोन ते सात जणांना मेंदूत रक्तस्राव होतो. डॉक्टरांच्या मते बाबांच्या बाबतीत फायदा मोठा आहे.’ धोका लपवू नका, पण तेवढाच सांगून लोकांना घाबरवूही नका.

लक्ष्य: दारापासून इंजेक्शन ६० मिनिटांच्या आत. घडी बसली की ४५, मग ३०. ‘साडेचार तास आहेत, अजून वेळ आहे’ हे वाक्य आपल्या कॅज्युअल्टीतून हद्दपार करा. मुदत म्हणजे शेवटची गाडी, ती पकडायची वेळ नव्हे.

नंतर पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी, पुढचे सहा तास दर अर्ध्या तासाने आणि मग २४ तास पुरे होईपर्यंत दर तासाला रक्तदाब आणि शुद्ध, हात-पाय तपासायचे. दाब १८०/१०५ च्या खाली. डोकं अचानक दुखू लागलं, उलटी झाली, गुंगी वाढली तर पंप थांबवा आणि पुन्हा सीटी. जीभ-ओठ सुजतायत का तेही बघा, विशेषतः रामिप्रिल किंवा एनालाप्रिल या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांत. दुसऱ्या दिवशीच्या सीटीत रक्तस्राव नाही हे कळेपर्यंत ॲस्पिरिन नाही.

७. पुढे पाठवायचं असेल तर

मोठी वाहिनी बंद असेल तर गुठळी ओढून काढण्यासाठी कॅथलॅब लागते. सहा तासांत, आणि निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत हे करता येतं. इंजेक्शन चालू करून पाठवा. परिणाम दिसतो का ते बघायला थांबू नका. ॲम्ब्युलन्स सीटी चालू असतानाच बोलवा, १०८ असो वा खासगी. चित्रं आधी पाठवा, सीडी बनायची वाट बघू नका. समोरच्या डॉक्टरांशी आरएमओने स्वतः बोलावं, आणि सोबत पंप सांभाळता येणारी व्यक्ती जावी.

सीटीत रक्तस्राव निघाला तर ‘आता काही करण्यासारखं नाही’ असं म्हणू नका. तासाभरात वरचा दाब १४० च्या आसपास आणणं, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम उलटवणं, साखर आणि ताप आवरणं आणि न्यूरोसर्जनना कळवणं, हे सगळं एकत्र आणि लवकर केलं तर फरक पडतो.

८. वॉर्डातले पहिले तीन दिवस

इंजेक्शन थोड्यांनाच मिळतं. चांगली नर्सिंग मात्र प्रत्येकाला देता येते, आणि माझ्या मते सुधारणेला सर्वांत जास्त वाव इथेच आहे. स्ट्रोकचे रुग्ण चार वॉर्डांत विखरून ठेवू नका. सहा बेडची एक खोली आणि त्याच त्या शिकलेल्या सिस्टर, एवढ्यानेही मृत्यू आणि अपंगत्व दोन्ही कमी होतात.

ऑस्ट्रेलियातल्या १९ स्ट्रोक युनिटमध्ये सिस्टरांनी फक्त ताप, साखर आणि गिळणं या तीन गोष्टी नियमाने सांभाळल्या. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत, ९० दिवसांनंतर मृत किंवा परावलंबी असलेल्यांचं प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा १५.७ टक्के गुणांनी कमी होतं. यात महागडं औषध एकही नव्हतं.

*ताप:* दर चार तासांनी मोजा, ३७.५ सेल्सियस किंवा वर गेला तर पॅरासिटामॉल. *साखर:* ठरल्या वेळी मोजा, वाढली तर इन्शुलिनचा लेखी तक्ता पाळा. *गिळणं:* तपासल्याशिवाय तोंडाने पाण्याचा थेंबही नाही, गोळीही नाही.

गिळण्याची तपासणी अशी: रुग्ण जागा आणि सरळ बसलेला हवा. एक चमचा पाणी द्या, थांबा, घशाची हालचाल बघा, ‘आ’ म्हणायला लावा. तीन चमचे ठीक गेले तर छोट्या पेल्यातून घोट. खोकला आला, आवाज ओलसर घोगरा झाला, पाणी ओठाच्या कोपऱ्यातून सांडलं, तर थांबा आणि नळीने अन्न द्यायचं ठरवा.

*सावधान:* न्यूमोनिया बहुतेकदा मायेपोटी होतो. सिस्टर दुसऱ्या बेडकडे वळली की आत्या पदराखालून थर्मास काढते, ‘कालपासून पोटात काही नाही, दोन चमचे पेज तरी.’ बेडच्या डोक्याशी मोठ्या अक्षरांत ‘तोंडाने काहीही देऊ नका’ अशी पाटी लावा, आणि का ते आत्याला समजावून सांगा. फक्त ओरडलात तर पेज रात्री दिली जाईल.

पायात गुठळी होऊ नये म्हणून लवचीक मोजे चढवण्याची सवय सोडा, स्ट्रोकमध्ये त्यांचा फायदा नाही आणि कातडी फाटते. हवेने दाबणारं यंत्र वापरा. पहिल्या २४ तासांत जबरदस्तीने पुष्कळ चालवू नका, नंतर रोज थोडं थोडं वाढवा. लुळ्या हाताला ओढून रुग्ण उठवू नका, खांदा निखळतो.

९. घरी पाठवताना

डिस्चार्ज कार्डावर चार गोष्टी मराठीत, मोठ्या अक्षरांत हव्यात: कोणती गोळी कशासाठी, कधीपर्यंत, रक्तदाबाचं लक्ष्य किती, पुढची तारीख कोणती.

‘कधीपर्यंत’ हा रकाना सर्वांत जास्त वेळा रिकामा असतो. सौम्य स्ट्रोकनंतर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही साधारण २१ दिवस देतात, मग एकच. बंद करायची तारीख लिहिली नाही तर मेडिकलवाला तीच चिठ्ठी वर्षभर चालवतो आणि रुग्ण पोटातल्या रक्तस्रावाने परत येतो. ईसीजीत हृदयाचे ठोके अनियमित असतील तर कोणतं औषध कधी सुरू करायचं, तेही कार्डावर हवं.

फिजिओथेरपी कोण, कुठे, आठवड्यातून किती वेळा, हे रुग्ण घरी जाण्याआधी ठरवा. चौथ्या मजल्यावर लिफ्ट नसलेल्या चाळीवजा इमारतीत राहणाऱ्याला ‘रोज ओपीडीत या’ सांगून काही होत नाही.

१०. महिन्याची बैठक

एक साधी वही पुरते. प्रत्येक रुग्णाची एक ओळ: शेवटचं नीट पाहिल्याची वेळ, दार, सीटी, इंजेक्शन किंवा ते न देण्याचं कारण, गिळण्याची तपासणी झाली का, न्यूमोनिया झाला का, ९० दिवसांनी फोनवर काय कळलं. सरासरी काढू नका, मध्यांक काढा, कारण एखाद्या विचित्र दिवशी सरासरी पार बिघडते.

बैठकीत ज्या रुग्णाला सर्वांत उशीर झाला त्याच्या वेळा फळ्यावर मांडा आणि सर्वांत मोठं अंतर शोधा. ‘कुणी उशीर केला’ असं विचारू नका, ‘कुठे थांबलं’ विचारा. त्या महिन्यात फक्त तेवढी एकच गोष्ट दुरुस्त करा. बैठकीला लिफ्टमन, कॅश काउंटर आणि सीटी टेक्निशियन यांना बोलवा, कारण उशीर बहुधा त्यांच्या आसपास होतो आणि उपायही त्यांनाच ठाऊक असतो.

परिसरातल्या फॅमिली डॉक्टरांनी आणि १०८ च्या डॉक्टरांनी पाठवलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं ते त्यांना आठवड्याच्या आत कळवा. ज्यांनी बीपीची गोळी देऊन तासभर बसवून ठेवलं त्यांनाही कळवा, नम्रपणे, वेळांसकट. पुढच्या वेळी ते रुग्ण निघण्याआधी तुम्हाला फोन करतील.